नीराबाई आणि इजिप्तचा लव्हाळा

अलिबागच्या मिनीडोअर रिक्षांच्या स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलात तर कुणीतरी सांगणारच, की माणखारच्या नीराबाई म्हात्रेनं रागाच्या भरात बंगल्यातलं इजिप्तच्या राजाचं झाड उपटलं, घरी नेऊन सुक्या जवळ्यात त्याची भाजी केली आणि खाऊन वर ढेकर दिली. सांगणारा मांडव्याच्या लायनीवरचा असला तर झाड माणसाएवढं असतं. रेवदंड्याच्या लायनीवरचा असला तर माडाएवढं. "आन् पोलीस आलं तवा ही बाय काय बोलली म्हायतीय? साहेब, च्या घ्याल? दुदाचा का काला?" हे सांगताना एक ड्रायव्हर चालत्या गाडीत दोन्ही हात सोडून पदर खोचून दाखवतो, आणि मागे कोंबलेली माणसं आपापल्या देवाचं नाव घेतात.

तर ते असं नाही. भाजी झाली नाही. पोलीस आले नाहीत. झाड गुडघ्याएवढं होतं. उपटलं एवढं खरं, पण रागानं नव्हे. नीराबाईंनी ते कसबानं उपटलं, आणि सगळा घोटाळा त्या कसबामुळेच झाला.

नीराबाई लग्न होऊन माणखारात आल्या त्याला बेचाळीस वर्षं झाली. सासरची जमीन खाडीच्या बांधाला लागून, खारी. अशा जमिनीत भात कमी आणि लव्हाळा जास्त येतो. आल्या त्याच पावसाळ्यात सासूनं त्यांना बेणणीला, म्हणजे तण उपटायला, उभं केलं आणि सांगितलं, "भात ठेव, लव्हाळा काढ." दोन्ही हिरवे, दोन्ही बारीक, दोन्ही घोटाभर पाण्यात. नव्या सुनेनं विचारलं, "वळखायचा कसा?" सासू म्हणाली, "बोटांना इचार."

बोटांनी सांगितलं ते असं. गवताची काडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली तर गुपचूप फिरते. लव्हाळ्याची फिरत नाही, अडखळते, कारण तिला तीन धारा असतात. गवताला पेरं असतात, लव्हाळ्याला एकही नाही. बुडापासून तुऱ्यापर्यंत सरळसोट, आणि आतून भरीव. पानंसुद्धा तीन बाजूंना, चुलीचे तीन दगड मांडल्यासारखी. एवढं कळलं की डोळे मिटून बेणता येतं, आणि नीराबाई खरंच बेणताना खाली बघत नाहीत. समोर बघतात, कोण मागे पडलीय ते.

आणि लव्हाळा वरून उपटला तर तो खूश होतो. जमिनीखाली त्याच्या काळ्या गाठींची माळ असते. माळ तुटली की प्रत्येक गाठीतून नवा कोंब. ह्याच गाठी वाळून वाण्याच्या बरणीत गेल्या की त्यांचा नागरमोथा होतो आणि दिवाळीच्या उटण्यात घमघमतो. पण शेतात असेपर्यंत नीराबाईंच्या भाषेत तो "घरजावई". "हाकलायचा तर समदी पालंमुलं चाचपून हाकलायचा. न्हायतर चार भावांना घिऊन येतो आन् जेवान काय हाय इचारतो."

माणखारच्या बेणणीत एक रीत आहे. ओळीतल्या एखाद्या बाईनं लव्हाळा समजून चुकून भात उपटलं, तर सगळ्यांनी हात थांबवायचे. तिनं ताठ उभं राहून, शेजारच्या खाचरात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचं, "चुकलं गो बायांनो!" आणि ते रोप आपल्या हातानं परत चिखलात खोचायचं. मग बाकीच्या तिला चष्मा देतात, नवरा बदलायला सांगतात, आणखी जे सुचेल ते सांगतात, आणि काम पुढे सुरू होतं. नीराबाईंच्या धाकट्या जावेनं, काशीनं, हे वाक्य एका मोसमात सात वेळा म्हटलेलं आहे. नीराबाईंनी बेचाळीस वर्षांत एकदाही नाही. काशीचं आयुष्यातलं एक मोठं स्वप्न होतं, की मरायच्या आधी ते आपल्या कानांनी ऐकावं.

शेतातली बेणणी आटपली की नीराबाई आपल्या सहा बायका घेऊन बंगल्यांच्या लॉनवर जातात. मुंबईची माणसं इथे घरं बांधतात, घरापुढे गालिच्यासारखं गवत लावतात, आणि त्या गालिच्यातून पंधरा दिवसांत लव्हाळा डोकं काढतो. दिवाळीपर्यंतचं काम त्यात निघतं. मांडव्याच्या वाटेवरचा दिशा मॅडमचा बंगला त्यातला मुख्य. कारण मॅडम ज्याला चांगलं म्हणतात त्याला आजूबाजूचे तीन बंगले चांगलं म्हणतात.

गुरुवारी त्या बंगल्यात काम चालू होतं. लॉनच्या टोकाला मॅडमनी कमळाचं लहानसं तळं केलं होतं. त्याच्या काठाशी बेणता बेणता नीराबाईंच्या बोटांत पाच-सहा हिरव्या काड्या आल्या. त्यांनी सवयीनं एक फिरवली. अडखळली. तीन धारा.

"हितं पन आलास व्हय रं?" नीराबाई म्हणाल्या आणि बुडाशी धरून ओढलं.

मूळ हातात आलं आणि हात थांबला. माळ नव्हती. गाठी नव्हत्या. आल्याच्या गड्ड्यासारखं जाडजूड, आडवं मूळ होतं, मातीच्या गोळ्यात अर्धं बुडालेलं. असा लव्हाळा त्या बोटांनी कधी पाहिला नव्हता.

"बाय, थांबलीस का गो?" दहा हातांवरून काशी म्हणाली. "मंगळसूत्र गावलं का कुनाचं?"

"लव्हाळा," नीराबाई म्हणाल्या. पण एक श्वास उशिरा म्हणाल्या, आणि ते रोप त्यांनी पाटीच्या तळाशी घातलं, वर बाकीचा पाला ओढून.

शुक्रवारी मॅडम रो-रो बोटीनं गाडीसकट आल्या. अर्ध्या तासात बंगल्याचा केअरटेकर निकेश बाइकवरून माणखारात. निकेश तीन वर्षं बेलापूरला राहून आला, त्यामुळे त्याच्या तोंडात दोन गावं एकदम बोलतात.

"मावशे, लोचा झालाय. तो पपायरस किधर गेला?"

"कोन?"

"पपायरस! तलावातला! बुधवारी था, आज न्हाय."

"लव्हाळा व्हता तो."

"अगं मावशे, त्याला टॅग व्हता! बांधलेला! इंग्लिशमदी!"

"लव्हाळ्याला चिठ्ठी बांधली म्हून तो नवरदेव व्हत न्हाय."

निकेशनं त्यांना मागे बसवून नेलं. मॅडम व्हरांड्यात उभ्या. मॅडम वाईट बाई नाहीत. रागावल्या तरी आवाज चढत नाही, फक्त "यू नो" वाढतात.

"आजी, मी भांडत नाहीये, यू नो. ते मी किती शोधून आणलं होतं, यू नो, ज्याच्यापासून इजिप्तमध्ये पहिल्यांदा कागद केला ते झाड. पण चूक होते माणसाची. तुम्ही फक्त म्हणा ना, की चुकलं. विषय संपला."

इतकंच हवं होतं त्यांना. दुसऱ्या कुणी म्हटलंही असतं, चहा पिऊन घरी आलंही असतं. नीराबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लव्हाळा व्हता. लव्हाळा उपटला."

"आजी, एकच शब्द."

"लव्हाळा व्हता."

मॅडमनी श्वास घेतला. "मग सोमवारपासून मी औषध फवारणाऱ्यांना बोलावते. यू नो, मला माझ्या बागेत कोण काय उपटतंय ते कळायला हवं." म्हणजे हा बंगला गेला, आणि ह्याच्या मागे शेजारचे तीन. सहा बायकांचं दिवाळीपर्यंतचं काम एका शब्दावर येऊन टांगलं.

शनिवारी निवाडा झाला. मॅडमची भाची मृणाल पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकते, आणि नेमकी लव्हाळ्याच्याच वंशावर पीएचडी करते. खाडीकाठचे नमुने गोळा करायला ती आलेली होतीच. गळ्यात भिंग, काखेत नमुने दाबून वाळवायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. सहाही बायका लॉनच्या कडेला उकिडव्या बसल्या. मृणाल पालथी पडून लॉनमधल्या लव्हाळ्याकडे भिंगातून बघत राहिली, इतका वेळ, की काशी पुटपुटली, "मुका घेते का काय त्याचा?"

मृणाल उठली. "ॲक्च्युअली आजी बरोबर आहेत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि ॲक्च्युअली मावशी, तूही बरोबर आहेस."

टाळ्या थांबल्या.

"म्हणजे बघा, तीन धारांचा दांडा, पेर नाही, फुलाला पाकळ्या नाहीत, नुसते खवले. तो पपायरस आणि हा लव्हाळा, दोघांचं शास्त्रातलं आडनाव एकच. सायपरस. ह्या आडनावाचे नऊशेच्या वर प्रकार आहेत जगात, आजी. आफ्रिकेत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. समुद्रातल्या बेटांवर. उष्ण भागात जास्त, थंडीत कमी, फक्त दक्षिण टोकाच्या बर्फात नाहीत."

"बरफात कशाला मराया जाईल," नीराबाई म्हणाल्या. त्या आता पुढे सरकून बसल्या होत्या. "आन् अमेरिकेत त्याला बेणतं कोन?"

"तिथेही डोकं धरून बसलेत लोक. हा तुमचा लव्हाळा नव्वदच्या वर देशांत आहे. जगातलं सगळ्यात त्रासदायक तण म्हणून त्याचं नाव घेतात."

नीराबाईंची मान ताठ झाली. ज्याच्याशी आपण बेचाळीस वर्षं झुंजलो तो जगात पहिल्या नंबरचा गुंड निघाला, हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही?

"आणि सगळे गुंड नाहीत," मृणाल म्हणाली. "स्पेनमध्ये ह्याचाच एक भाऊ मुद्दाम लावतात. त्याच्या गाठी गोड. भिजवून, वाटून दूध काढतात आणि थंडगार पितात."

"लव्हाळ्याचं दूद!" काशी म्हणाली. "आन् आमी म्हशी पालल्या."

"आणि पपायरस हा उंच भाऊ. नाईल नदीच्या दलदलीतला. त्याचा दांडा चिरून कागद करायचे, दांडे बांधून होड्या करायचे."

"बगा," नीराबाई मॅडमकडे वळल्या. "आडनाव येकच. मी काय बोल्ले?"

"पण आजी," मृणाल म्हणाली, "तुमच्या माणखारात म्हात्रे किती?"

"अर्दं गाव."

"मग एका म्हात्र्यानं आंबे चोरले म्हणून दुसऱ्या म्हात्र्याला बांधून ठेवाल का?"

ह्यावर बायका इतक्या हसल्या की निकेश चहाचा ट्रे घेऊन आला होता तो दारातच थांबला. नीराबाई हसल्या नाहीत. मृणालनं सहज, काही मनात न ठेवता, पुढचं विचारलं. "मुळाला गाठींची माळ होती का हो? पपायरसला ती नसते. जाड, आडवं मूळ असतं. तुम्ही उपटलंत, तुम्हांला लगेच कळलं असेल."

सगळ्या बायकांनी नीराबाईंच्या हातांकडे बघितलं.

"चिखल व्हता," नीराबाई म्हणाल्या. "दिसलं न्हाय."

काशीनं लॉनमधली एक काडी तोडून चिमटीत फिरवली. जी बाई चिखलात हात घालून डोळे मिटून बेणते, तिला चिखलामुळे दिसलं नाही! मॅडमना हे कळायचं कारण नव्हतं. त्या इतकंच म्हणाल्या, "उद्या संध्याकाळच्या बोटीनं मी जातेय. तोपर्यंत विचार करा, आजी."

घरी येताना बांधावरून दोघी जावा पुढे-मागे चालत होत्या. काशी मागून म्हणाली, "झाडाच्या मुलाला हात लागल्यावर तुला कललं न्हाय व्हय, बाय?"

"तू तुजी बेननीची वल बघ."

"वल कुटं ऱ्हायली आता," काशी म्हणाली. "सोमवारपासून फवारनीवाले."

नीराबाई घरी गेल्या नाहीत. वाकड्या बांधानं खाडीच्या उघाडीपाशी गेल्या. तिथे, जिथून गोडं पाणी बाहेर सोडतात, तिथल्या मऊ चिखलात त्यांनी गुरुवारीच ते रोप खोचून ठेवलं होतं. भाजीची वदंता आली ती इथूनच. पाटीत काहीतरी हिरवं झाकून नेताना त्यांना कुणीतरी पाहिलं होतं. रोप मजेत होतं. दोन नवे कोंब आलेले. नीराबाईंनी एक काडी बोटांत धरून फिरवली, अडखळली तशी सोडून दिली. "इतक्या लांबून आलास," त्या त्याला म्हणाल्या, "जरा येगला दिसायचास तरी."

इकडे काशीच्या ओट्यावर गर्दी जमली होती. काशीची दहावीतली मुलगी, म्हणजे हे लिहिणारी, नकला करत होती. आधी मॅडम झाल्या, मग निकेश, मग मृणाल भिंगासकट. शेवटी लोकांच्या आग्रहाखातर 'मोठी आय मरताना'. मोठी आय, म्हणजे नीराबाईच, खाटेवर आडवी. रेड्यावरून यम येतो. म्हणतो, "नीराबाई, नुसतं चुकलं म्हना, सोडून जातो." मोठी आय एक डोळा उघडते, त्याच्या दोरीला चिमटीत धरून फिरवून बघते, आणि म्हणते, "लव्हाळा व्हता."

लोक ओट्यावरून खाली पडायचे बाकी होते. आणि मग एकदम सगळे सावरून बसले, कारण खुद्द नीराबाई अंगणात उभ्या होत्या, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"लई भारी करतेस," त्या म्हणाल्या. "आवाज जरा जाडा काढ. मी काय चिमनी हाय?"

"मोठी आय, राग नको मानू. पण खरं सांग, तू म्हणशील का कधी चुकलं म्हणून?"

"तुला काय वाटतं?"

"सूर्य उलटा उगवला तरी न्हाय."

"लाव पैज."

पैज भरल्या ओट्यावर लागली. रविवारच्या बोटीच्या आत मोठी आय मॅडमसमोर, पूर्ण आवाजात, रीतीप्रमाणे ते वाक्य म्हणाली, तर नकला करणारीनं होळीपर्यंत तिचा आवाज काढायचा नाही. नाही म्हणाली, तर मोठ्या आयनं शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर येऊन खुर्चीत बसायचं आणि शेजारी तिची नक्कल चालू असताना हलायचं नाही. सगळ्या आळीला वाटलं, गॅदरिंग जमलं. मोठी आय आत गेली आणि तिनं घमेलं घासायला काढलं. ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी दुपारी मॅडमकडे मुंबईचे चार पाहुणे जेवून व्हरांड्यात सुस्तावले होते. फाटकातून नीराबाई आल्या, डोक्यावर घमेलं, मागे सहा बायका, त्यांच्या मागे निकेश, "मावशे, गेस्ट हायेत, गेस्ट!" म्हणत. नीराबाई कुणाकडे न बघता तळ्याकाठी गेल्या, घमेलं उतरवलं. त्यात चिखल, चिखलात तो नाईलचा पाहुणा, आता सात काड्यांचा.

मॅडम उठून पुढे आल्या. "अरे! आजी, हे..."

नीराबाई ताठ उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले, आणि ओरडल्या, "चुकलं गो बायांनो!"

शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला. सुरूच्या झाडांवरून बगळे उडाले. एका पाहुण्याचं ताक सांडलं. काशीनं दोन्ही हात कानांवर नेले आणि परत काढले, एक अक्षर वाया जायला नको म्हणून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती म्हणाली, "बाय, आता तुला चष्मा आनूया," आणि आणखी एक गोष्ट म्हणाली जी इथे लिहिता येत नाही.

"आजी, इतकं मोठ्यानं नको होतं म्हणायला, यू नो," मॅडम घाबरून म्हणाल्या.

"आमच्यात अशीच रीत हाय. हलू बोल्लं तर मोजत न्हाईत."

मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि रोप आपल्या हातानं काठाशी बसवायला लागल्या. बसवता बसवता थांबल्या. मुळाशी चिकटलेला नर्सरीच्या कुंडीतल्या मातीचा गोळा त्यांनी बोटांनी फोडला आणि त्यातून काही उचलून मृणालच्या तळहातावर ठेवलं. तीन काळ्या गाठी, एका दोऱ्यात ओवल्यासारख्या.

"हा बग तुजा जगातला पयला नंबर. नवरदेवाच्या टोपलीत बसून आला. बुधवारी लावलं ना झाड? आठ दिसांत तुमच्या तलावाला लव्हाळ्याचं कुंपन पडलं असतं."

मृणाल आनंदानं लहान मुलीसारखी ओरडली. "ॲक्च्युअली तो जगभर असाच पसरला, मावशी! रोपांच्या मातीतून, कुंड्यांमधून! म्हणजे नर्सरीच्या मातीतच..."

मॅडमनी त्या गाठींकडे बघितलं, मग त्याच नर्सरीतून आलेल्या आपल्या लॉनकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "निकेश," त्या म्हणाल्या, "फवारणीवाल्यांना नको म्हणून सांग. आजी, सोमवारी किती वाजता येता?"

"ऊन व्हायच्या आदी," नीराबाई म्हणाल्या. "आन् झाडाला नवी चिठ्ठी बांदा. मराठीत."

अशी ही पैज हे लिहिणारी हरली. होळीपर्यंत आवाज बंद. घरात नाही, शाळेत नाही, मैत्रिणीच्या कानातसुद्धा नाही. लिहायचं नाही असं कुणी बोललं नव्हतं, म्हणून हे लिहिलं, आणि मोठ्या आयला वाचून दाखवलं, तेही सपाट आवाजात, तलाठी सातबारा वाचतो तसं. तिनं सगळं ऐकून घेतलं. यमाच्या जागी ओठ जरा हलले, पण हसली नाही. संपल्यावर म्हणाली, "होली लांब हाय अजून."